माठाखालची चावी

इतवारीत मे महिना
आधी शटरला लागतो, मग माणसांना.
दहाला कुलूप काढताना
लोखंड बोटांना चावतं.
आत ओल्या वाळ्याचा वास,
कूलरला दर दोन तासांनी एक बादली,
आणि गल्ल्यामागच्या खिळ्याला
एक पितळी चावी.
तिसऱ्या मजल्याची.
आम्हा सात जणींची लाज
त्या एका खिळ्याला टांगलेली.

मागायची म्हणजे शेठजींकडे बघायचं
आणि शेठजींनी घड्याळाकडे.
"आत्ताच तर गेली होती ना?"
एवढंच. रागावत नाहीत ते कधी.
गिऱ्हाइकं मात्र माना वळवतात,
हातातला पदर तसाच धरून.

म्हणून मी पाणी मोजायला शिकले.
बाराला एक घोट, जिभेपुरता.
दोनला डब्यानंतर अर्धा पेला,
तोही वांग्यावर तर्री असली तर.
पुढे काही नाही.
लग्नसराई. शालू उलगडा, घडी घाला, पुन्हा उलगडा,
"जरा तो वरचा दाखवा"
आणि वरचा नेहमी शिडीवरच.

पाचच्या सुमारास ते येतं.
बरगड्यांच्या मधोमध
कुणीतरी काडी ओढतं.
आंबट धूर गळ्यापर्यंत.
मी म्हणते, "ताई, हा मोरपंखी तुम्हाला खुलेल,"
आणि त्या शब्दांमागून गिळून टाकते
उतू आलेलं काहीतरी.

महालातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
पाणी किती पिता?
पिते ना, म्हटलं, भरपूर.
त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या.
मग लिहिलं: घोट घोट, दिवसभर.
जेवणावर तांब्याभर ओतू नका. तिखट आवरा.
आणि एक पुडी दिली
पेलाभर पाण्यात घोळून घ्यायची.

पुडीलाही पाणी लागतं.
ती पर्समध्येच राहिली, विजेच्या बिलाशेजारी.

बेबीताई धकाते. बावीस वर्षं ह्याच दुकानात.
मुतखड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा
चार दिवस रजा, चारही बिनपगारी.
मला म्हणाली, "काहून वं हर्षे, तुले पण जळून राहिलं का?"
मी मान हलवली.
ती पुढे काही बोलली नाही.

बुधवारी शेठजी जेवून लवंडले
तशी खिळ्यावरून चावी उतरवून
डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून
ती त्या सेहेचाळीस अंशांत उतरली.
कोपऱ्यावरच्या चावीवाल्याने विचारलं, दुकानाची का?
"नाही," म्हणाली, "आमची."

तीस रुपये.
सातजणींचे पाच-पाच, वर उरले पाच,
त्यांचा सब्जा आणला.

आता ती चावी माठाखाली असते,
तिवईतल्या ओल्या वाळूत.
घ्यायची तर वाकावं लागतं,
वाकलं की पेला हाताशीच,
आणि माठ असा गार, झिरपता,
की तोंड फिरवणं बरं दिसत नाही.
प्यायचं, जायचं,
यायचं, पुन्हा प्यायचं.

शेठजींना कळलं असावं.
खिळ्यावरची चावी धूळ खाते.
तिच्याकडे बघतात, घड्याळाकडे बघतात,
आणि पोऱ्याला सांगतात,
कूलरसोबत माठही भरत जा.

जळजळ पार गेली, असं नाही.
रविवारी भाऊजी सावजीचा रस्सा आणतात,
मी खाते, रात्री उठून बसते.
पण पाचची ती काडी
आता बहुतेक ओलीच निघते.

काल नवीन पोरगी लागली, कळमन्याची.
एकोणीसची असेल. ओठांना पापुद्रे.
दुपारभर एकदाही हलली नाही शिडीवरून.
मी म्हटलं, ये खाली,
आधी पाणी पी.
आणि हो,
माठाखालची वाळू जरा चाचपून बघ.